आईचा उजवा पाय

शिरूर,
शनिवार, दुपार

प्रिय विल्यमदादा,

आईचा उजवा पाय गुडघ्याखालून कापायचा आहे, आणि ती कापू देत नाही. हे फोनवर सांगता आलं असतं. पण तू माझा फोन उचलत नाहीस, मेसेज तुझ्यापर्यंत पोचत नाहीत, म्हणजे तू मला ब्लॉक केलं आहेस एवढं कळण्याइतकी अक्कल मला आहे. एस्थरवहिनींना फोन केला तर म्हणाल्या, ते प्रार्थनेत आहेत. नंतर पुन्हा केला तर म्हणाल्या, अजून प्रार्थनेतच आहेत. देवाशी एवढं बोलणं चाललेलं असताना बहिणीनं मध्ये तोंड कशाला घालावं, म्हणून हे पत्र लिहायला बसले. आपल्या शेजारचे हौसरावमामा आज कांदा घेऊन पुण्याच्या मार्केटला निघतायत. उद्या सकाळी माल उतरवला की ते हडपसरला तुझ्या दारात येतील, तुझी रविवारची सभा सुरू व्हायच्या आत येतील. तू हे वाचून होईपर्यंत दारातून हलायचं नाही असं मी त्यांना बजावलं आहे, आणि ते हलणार नाहीत हे तुलाही माहीत आहे.

आधी काय झालं ते सांगते, नाहीतर तू म्हणशील एवढं होईपर्यंत तुम्ही काय करत होता. गुड फ्रायडेला आई दौंडला क्रुसाची वाट अनवाणी चालली. दरवर्षी चालते, ह्या वर्षीही चालली. शुगरमुळे तिच्या तळपायाला आता काही कळत नाही. खाली तापलेलं डांबर आहे की गवत, तिला सारखंच. मोठा फोड आला, फुटला, त्यात तिनं हळद भरली, चिंधी बांधली आणि वरून मोजा चढवला. मोजा, दादा! जन्मात कधी मोजा न घातलेली बाई ऐन उन्हाळ्यात मोजा घालून म्हशीखाली धार काढायला बसत होती. मी इकडं कारेगावात, कंपनीच्या शिफ्टमध्ये. सुट्टीला न्हावऱ्याला जाऊन आले तर मला म्हणाली, टाचेला भेगा पडल्यात. शेवटी दूध न्यायला आलेल्या कृपाबाईला वास आला. ती आपल्यासारखी कॅथलिक नाही, मिशनच्या चर्चची, तरी आईच्या जिवाची आहे. तिनं आईला धरून बसवलं, मोजा ओढून काढला आणि मला फोन केला. फोनवर ती नुसती रडत होती.

मंगळवारी तिला इथं शिरूरच्या हॉस्पिटलात आणलं. अंगठा आणि त्याच्या शेजारची बोटं काळी पडली आहेत. डॉक्टर तरुण आहेत, पण भले आहेत. त्यांनी मला बाजूला बोलावून कुजबुज केली नाही, आईच्या समोरच सांगितलं. हाडापर्यंत गेलंय, सलाइनमधून औषधं चालू आहेत तोवर दबून राहील, पण हे विष वर चढणार. सोमवारी सकाळी ऑपरेशन झालं तर गुडघा वाचेल. त्यानंतर प्रश्न पायाचा राहणार नाही, आजींचा होईल, आणि तेव्हा मी काहीच कबूल करू शकणार नाही, असं म्हणाले. आज सकाळी ताप पुन्हा चढलाय. मी त्यांना विचारलं, मंगळवार चालेल का? ते म्हणाले, ताई, सोमवारसुद्धा मी धोका पत्करून म्हणतोय.

आईनं त्या दिवशी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘पाय कापल्यावर त्येचं काय करता?’ डॉक्टरांना वाटलं, ती जखमेचं विचारतेय. ते टाके, ड्रेसिंग, पुढं नकली पाय बसवता येतो वगैरे सांगायला लागले. आई म्हणाली, ‘माझ्याकडं ऱ्हाईल त्येचं न्हाई इचारत. तुमच्याकडं ऱ्हाईल त्यो कुठं जातो?’ डॉक्टरांनी हातातली फाइल मिटली. मग त्यांनी खरं ते सांगितलं. पिवळ्या पिशवीत बांधून ठेवतात, गाडी येते आणि जाळायला घेऊन जाते. आईनं पदर डोक्यावर ओढला, पाय पांघरुणात घेतला आणि म्हणाली, ‘मग ऱ्हाऊ द्या.’ डॉक्टर भाजी विकायला आले होते आणि भाव जमला नाही, अशा सुरात.

मी चिडले, रडले, हातापाया पडले. ती शांत. म्हणाली, ‘करुणा, मी समदीच्या समदी बाप्तिस्मा घेतल्याली हाय. गुडघ्यापतुर न्हाई.’ मी म्हटलं, आई, शेवटच्या दिवशी देव सगळ्या मेलेल्यांना उठवणार ना, मग त्याला एक पाय नव्यानं देणं जड आहे का? तर म्हणाली, ‘देईल की. त्यो देव हाय. पर आपल्या हातानं जाळायला द्यायचा आन् मग त्येच्याकडं नवा मागायचा, ही कसली रीत? संत अंतोनी हरवल्यालं हुडकून देतो, जळल्यालं न्हाई देत.’ शेजारच्या खाटेवरची बाई तोंडाला पदर लावून हसायला लागली. मलाही हसू आलं, आणि त्याच वेळी तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला. आपल्या आईशी वाद घालताना माणूस हसता हसता हरतो, हे तुला काय सांगायचं.

मंगळवारपासून मी त्या पायाकडंच बघत बसते. आप्पांना रेल्वेत गँगमन म्हणून दौंडला क्वार्टर मिळालं होतं, पण आई म्हशी आणि न्हावऱ्याचा तुकडा सोडून गेली नाही. आप्पाच सुट्टीला सायकल हाणत यायचे. गावात कॅथलिक घर आपलं एकटं. बाकीची ख्रिस्ती घरं मिशनची, त्यांचं चर्च गावातच. आपलं देऊळ, आपली मिस्सा मात्र थेट दौंडला. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी धार काढून ती निघायची, पारगावच्या पुलापर्यंत पायी आणि तिथून मिळेल ती जीप. तू पुढं पळायचास, मी कडेवर. फिलोमिना हे नाव गावाच्या तोंडात बसेना, म्हणून गावानं तिला फुलाबाई केलं, आणि फुलाबाई पुलाकडं निघाली की लोक म्हणायचे, आज शुक्रवार दिसतोय. ऊसतोडीला आलेल्या टोळ्यांत कुणी तिच्या माहेरकडचं, राहुरी-श्रीरामपूरचं कॅथलिक निघालं, की त्यांच्या पोरांना पहिल्या कम्युनियनच्या प्रसादाआधीची शिकवण द्यायला ती फडावर जायची. पोरं चिपाडावर बसायची, ही उभी. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. दौंडच्या फादरांनासुद्धा फार उशिरा कळलं, आणि त्यांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, देवळाला चालता येत नाही, मला येतं.

त्या पायाला घोट्याच्या वर, आतल्या बाजूला एक लांब वण आहे. तुला आठवतो? तो तुझा आहे. तू जन्मलास तो अगदी अशक्त. दूध ओढायचा नाहीस, रडता रडता निळा पडायचास. आजी म्हणाली, बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. आप्पांना रजा मिळेना. बाप्तिस्म्याआधीच जीव गेला तर, या धास्तीनं आईनं कुणाला विचारलं नाही. तुला लुगड्यात बांधलं आणि पुलाकडची जवळची वाट म्हणून उसातनं निघाली. तोडलेल्या उसाचं खुंट पायात घुसलं. त्या रक्ताळलेल्या पायानं ती दौंडच्या चर्चमध्ये उभी राहिली आणि तुझ्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडल्यावरच खाली बसली. हे मला आप्पांनी सांगितलं, तिनं कधी नाही. डॉक्टरांनी पेननं कापायची खूण केली आहे, ती ह्या वणाच्या बरीच वर आहे.

बरं, तू मला ओळखतोस. कुठं अडलं की मी डोक्याला हात लावून बसत नाही. बुधवारी मी डॉक्टरांच्या मागं लागले. त्यांनी वर विचारलं आणि सांगितलं की नातेवाइकांनी अर्ज दिला तर पाय ताब्यात मिळतो, माती द्यायला लोक नेतात, नवीन नाही. मग दौंडच्या फादरांना फोन केला. हे फादर नवे, गोव्याकडचे, मराठी बेताचं. म्हणून सगळं दोनदा सांगावं लागलं. मग म्हणाले, ‘आजीचा पाय आहे, आजीच्या जागेत ठेवू.’ म्हणजे आप्पांच्या शेजारी, आईसाठी राखलेली जागा आहे तिथं एक लहान खड्डा, प्रार्थना आणि माती. राहिलं न्यायचं. मी अॅम्ब्युलन्सची चौकशी करत होते तर हौसरावमामा रागावले. म्हणाले, ‘फुलाबाईचा पाय माझ्या टेम्पोत न्हाई तर कुनाच्या टेम्पोत जाईल गं? बर्फाची पेटी म्या बघतो.’ त्यांचा हरवलेला बैल आईनं संत अंतोनीची प्रार्थना केल्यावर काष्टीच्या बाजारात सापडला होता, तेव्हापासून ते आपल्या मंगळवारच्या नेमाला मेणबत्ती आणून देतात. बायको विचारते हा कुठला देव, तर सांगतात, बैलाचा.

हे सगळं जमवून मी गुरुवारी आईपुढं उभी राहिले, परीक्षेत पहिली आल्यासारखी. तिनं ऐकलं, माझ्या गालावरून हात फिरवला, म्हणाली, ‘लई केलंस.’ मी ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढं धरला. तिनं चष्मा मागितला, पेन हातात घेतलं, कागद बघितला आणि पेन मला परत दिलं. ‘आजून न्हाई.’ मी विचारलं, आता काय राहिलं? तर भिंतीकडं तोंड करून माळ जपायला लागली. काल दिवसभर तेच. डॉक्टर येऊन गेले, कृपाबाई येऊन रागावून गेली, म्हणाली, ‘फुलाबाई, जीव देणं पाप हाय ना तुमच्यात? मग ह्ये काय चाललंय?’ आई तिला म्हणाली, ‘जीव देत न्हाई गं. जरा थांबलीया.’ कशासाठी थांबलीया, ते मात्र सांगेना. मला वाटलं भीती वाटत असेल. मग वाटलं, ताप डोक्यात गेला. संध्याकाळी मी तिला पाणी पाजत होते तर तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, ‘विल्यमचा काय फोन?’ तेव्हा घोडं कुठं पेंड खातंय ते मला दिसलं.

आता तुझ्याबद्दल लिहिते. लिहायचं नव्हतं, पण त्याशिवाय पुढं जाता येत नाही. तू त्या हडपसरच्या नव्या ख्रिस्ती सभेत जायला लागलास तेव्हा घरात कुणी काही बोललं नाही. तुझी दारू सुटली, वहिनींच्या अंगावर मांस चढलं, आईनं मतमाऊली मरियेपुढं मेणबत्ती लावली. मग एक दिवस घरच्या ग्रुपवर तुझा व्हिडिओ आला. कुठल्याशा फार्महाऊसची टाकी, तू पांढऱ्या कपड्यात, दोघांनी धरून तुला पाण्यात बुडवलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. खाली तू लिहिलं होतंस, आज माझा बाप्तिस्मा झाला. आईनं तो व्हिडिओ माझ्याकडून पुन्हा पुन्हा लावून घेतला. शेवटी एवढंच म्हणाली, ‘मग म्या दौंडला नेला व्हता त्यो कशाला?’ तू नंतर घरी येऊन तिला पुस्तकातली वचनं दाखवलीस, लहान बाळाला काय कळतं, म्हणून तो खरा नव्हे असं समजावलंस. तिनं तुला मटण वाढलं. वचनं ऐकली. तू गेल्यावर ताटं घासताना मी बघितलं, ती एकच ताट घासत बसली होती. त्या बाईचा तू जीव घेतला असतास तरी तिनं तुला माफ केलं असतं, दादा. तू तिनं दिलेलं परत केलंस, ते तिला अजून कुठं ठेवावं कळत नाही.

आणि हे काही ती दुसऱ्यांच्या देवाला नाक मुरडणारी म्हणून नाही. गावात मिशनच्या घरी कुणी वारलं की अंघोळ घालायला, कपडे चढवायला आईलाच बोलावतात. कृपाबाईचा नवरा गेला तेव्हा तिच्या चर्चची माणसं अंगणात खुर्च्या मांडण्यावरून बोलत होती, आणि आई आत पाणी तापवत होती. त्या घरात शिरण्याआधी तिनं माळ कमरेला खोचली, ती बाहेर पडेपर्यंत काढली नाही. मी विचारलं तर म्हणाली, ‘त्येंच्या मयताला त्येंची प्रार्थना. आपला हात लागला, बास.’ म्हणजे तुझ्या सभेवर तिचा राग नाही, हे मी तुला शपथेवर सांगते. माझा आहे. तो माझा स्वतंत्र आहे.

आप्पांच्या मातीचा दिवस आठव. त्याबद्दल आपण पुन्हा कधी बोललो नाही. तू आलास, सगळ्यांच्या आधी आलास, आप्पांच्या पेटीला खांदा दिलास. पण दौंडच्या कब्रस्तानाच्या गेटाशी तू खांदा बदललास आणि बाहेर गाडीला टेकून उभा राहिलास, कारण आत पवित्र पाणी शिंपडणार होते, माळ म्हणणार होते, मेलेल्यासाठी विनवणी करणार होते, आणि ते तुमच्यात चालत नाही. पेटी खाली गेली. पहिली मूठ थोरल्या मुलाची. फादर थांबले, सगळे थांबले. आईनं वळून गेटाकडं बघितलं. तू मोबाइलमध्ये बघत होतास. मग कुणीतरी मला पुढं ढकललं आणि मी माती टाकली. नंतर मी बाहेर येऊन तुला चारचौघांत जे बोलले, त्यातला एक शब्दही मी मागं घेत नाही, आणि त्यावरून तू मला ब्लॉक केलंस तेही मी समजू शकते. पण आईनं त्या दिवसाबद्दल आजपर्यंत तोंडातून ब्र काढला नव्हता. मला वाटायचं ती विसरली. मूर्ख मी.

आज सकाळी मी पेन घेऊन पुन्हा तिच्यापुढं बसले आणि म्हटलं, आई, दादाचं काय ते बोलून टाक. तेव्हा ती बोलली. अंगात ताप होता, पण शब्द नीट होते, म्हणून जसेच्या तसे लिहिते. ‘तुझ्या आप्पाच्या मातीला त्यो भाईर उभा ऱ्हायला. माझ्या मातीला आत यील का न्हाई, ते मला कवा कळणार? मेल्यालं मानूस बघतं व्हय? पायाला माती देतील तवा मी जिती हाय. हौसरावाला म्हनावं मोबाइल धर. मी हितनं बघंन.’ हे पत्र त्यासाठी आहे, दादा. अडलंय ते जागेवर नाही, डॉक्टरांवर नाही, तुझ्यावर अडलंय. सोमवारी सकाळी ऑपरेशन झालं की दुपारपर्यंत टेम्पो दौंडला पोचेल, आणि तिला तिच्या पायावर पहिली मूठ तुझ्या हातची हवी आहे. तू माळ धरू नकोस, क्रुसाची खूण करू नकोस, पवित्र पाण्याचा थेंब अंगावर उडणार नाही असं मी फादरांना सांगून ठेवते. तुझी जी प्रार्थना असेल ती म्हण. मी तिला हेही विचारलं, तर म्हणाली, ‘म्हनू दे त्येची. प्रार्थनेला तोंड उघडायला त्याला म्याच शिकवलंय.’ तू येतोयस असं खोटंच सांगून मी सही घेऊ शकले असते, मनात आलंही होतं, पण सोमवारी मोबाइलमध्ये गेट दिसलं असतं आणि तू नसतास, आणि मग तिचा दुसरा पाय असून काय उपयोग होता? उद्या हौसरावमामांच्या फोनवरून तिच्याशी बोल आणि हो किंवा नाही ते सांग. तुझ्या ‘हो’वर ती लगेच सही करेल, विल्यम खोटं बोलत न्हाई म्हणते. मला तू अनब्लॉक केलं नाहीस तरी चालेल. आपली आई स्वतःच्या मातीला मुलगा आत आला का, एवढं बघायचं म्हणून अंगात विष घेऊन पडून राहिली आहे. तिला बघू दे.

तुझीच, आणि तुझ्यावर अजून चिडलेली,
करुणा